पहिली स्पोर्ट बाइक : पोस्टर बघून नाही, रस्ता बघून

ज्यांना लोकलच्या गर्दीत कानात इअरफोन टिकत नाहीत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. विषय तुमच्या आवडीचा आहे : पहिली स्पोर्ट बाइक कुठली घ्यायची?

आधीच सांगतो, मी रेसर नाही. मी कर्जतचा, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा माणूस. त्यामुळे मला आकडे दिले की मी ते मांडून बघतो. आज तेच करूया. डोळ्यांसमोर माझा मावसभाऊ आहे. वय वीस, घर कडावला, काम खोपोलीला शिफ्टमध्ये. लायसन्स नवीन, मोबाइलच्या वॉलपेपरवर केटीएम आरसी ३९०. मावशीची अट एकच : "कुठली पण घे, पण शिफ्ट संपल्यावर घरी ये."

आधी रस्ता बघा

रिव्ह्यू बघताना एक गोष्ट लक्षात येते. बाइक बहुतेक वेळा रेसट्रॅकवर किंवा मोकळ्या हायवेवर चालवलेली असते. आपल्याकडचं रोजचं जगणं कसं आहे? एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे पुण्याकडे जायचं तर चौक, खालापूर, खोपोली आणि मग जुन्या हायवेने बोरघाट. शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर मंडळी नाणं टाकतात ना, तोच घाट. पुढे ट्रक, मागे एसटी, वेग पंधरा-वीसचा. दुसरा रस्ता कर्जत ते खोपोली, पळसदरीवरून. तिसरा नेरळहून माथेरानचा घाट. तो इतका चढा आहे की दस्तुरीपर्यंत पोचता पोचता नवख्याचा क्लच आणि घाम दोन्ही निघतात.

त्यात जुलै महिना. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर येतो आणि टायरचा चिखल रस्त्यावर सोडून जातो. वळणावर तो चिखल दिसेपर्यंत तुम्ही त्याच्यावर असता. पाऊस ओसरला की उखडलेली बारीक खडी. म्हणून आपला पहिला प्रश्न "टॉप स्पीड किती?" हा नाहीच. प्रश्न असा की ओल्या उतारावर ही गाडी माझ्या हातात राहील का?

सीसी नाही, वजनामागे ताकद

"दोनशे सीसी म्हणजे दीडशेपेक्षा थोडी जास्त" असं आपण बोलतो. पण अंगावर येते ती ताकद आणि वजनाचं गणित. चालवणारा ७० किलोचा धरू, गाडीचं वजन त्यात मिळवू आणि दर १०० किलोमागे किती पीएस ताकद मिळते ते काढू.

- स्प्लेंडर : ८ पीएस, ११२ किलो. म्हणजे साधारण साडेचार.
- जिक्सर एसएफ १५५ : १३.६ पीएस, १४८ किलो. साधारण सहा.
- यामाहा आर१५ : १८.४ पीएस, सुमारे १४० किलो. साधारण पावणेनऊ.
- पल्सर आरएस २०० : २४.५ पीएस, १६६ किलो. साधारण दहा.
- आरसी ३९० : ४३.५ पीएस, १७२ किलो. अठरा!

बघा, घरच्या स्प्लेंडरवर शिकलेला पोरगा आर१५ वर बसला की त्याची ताकद दुप्पट झाली. थेट आरसी ३९० वर बसला तर चौपट. स्प्लेंडरवर मनगट जरा जास्त फिरलं तर इंजिन नुसतं ओरडतं. ३९० वर तेवढंच मनगट फिरलं तर पुढची एसटी एकदम जवळ येते. अनुभवी माणसाला याची मजा येते, नवख्याला सावरायला वेळ मिळत नाही.

ब्रेकचं गणित

वेग वाढतो तसं ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर त्याच्या वर्गाने वाढतं. ब्रेक दाबायचं सुचायला एक सेकंद धरा आणि कोरड्या रस्त्यावर बरा ब्रेक लागतोय असं धरा. ६० च्या वेगाला साधारण ४० मीटर लागतात, ८० ला ६३. आता रस्ता ओला, पकड दोन तृतीयांश. ६० ला ५१ मीटर, ८० ला ८४! वेग फक्त २० ने वाढला, पण अंतर तेहतीस मीटरने. घाटातल्या वळणावर पुढचं तेवढं अंतर दिसतच नाही. हे आकडे सपाट रस्त्याचे आहेत, उतारावर आणखी वाढवा.

म्हणून एबीएसकडे नीट बघा. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. पण सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल म्हणजे दोन्हीला. आपल्या पावसात ड्युअलसाठी चार पैसे जास्त गेले तरी द्या. दुसरी कामाची गोष्ट स्लिपर क्लच. उतारावर घाईत गिअर कमी केला की मागचं चाक झटका खातं, तो झटका हा क्लच कमी करतो. आर१५ मध्ये तो आहे. आणि एबीएस असलं तरी चिखल तो चिखलच, हे विसरू नका.

बसायची पद्धत

स्पोर्ट बाइकचं हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे असतं. वेगात वारा छातीला लागतो आणि मनगटावरचं वजन हलकं होतं. पण ट्रकच्या मागे पंधराच्या वेगात वारा कुठला? सगळा भार मनगटावर, उतारावर तर आणखी. वर हाफ क्लच. आर१५ चा पूर्ण टॉर्क साडेसात हजार आरपीएमला मिळतो, म्हणजे डबलसीट चढताना खालच्या गिअरमध्ये इंजिन फिरतं ठेवावं लागतं. तिसऱ्यात टाकून रेटलं की गाडी कण्हते.

शोरूममध्ये म्हणून नुसता फोटो काढू नका. गाडीवर वीस मिनिटं बसा. आर१५ ची सीट ८१५ मिलीमीटर उंच आहे. चवडे टेकून चालेल, पण गाडी एका बाजूला कलली तर पेलता आली पाहिजे. हँडल पूर्ण वळवून बघा. स्पोर्ट बाइकचं हँडल कमी वळतं, कर्जत स्टेशनबाहेरच्या पार्किंगमधून गाडी काढताना हे रोज आठवेल.

३५० ची रेघ

आता खिसा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्याच्या वरच्यांवर ४० टक्के. विम्यातही तीच रेघ. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, करांशिवाय. ३७३ सीसीची आरसी ३९० दोन्हीकडे रेघेच्या पलीकडे पडते.

शिवाय फेअरिंग. गाडी उभ्या उभ्या पडली तरी प्लास्टिकचा पॅनल तडकतो आणि नवखा माणूस एकदा तरी गाडी पाडतोच. त्यामुळे हप्ता ठरवताना ऑनरोड किमतीतच हेल्मेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि जॅकेट धरा. हेल्मेट आयएसआय मार्कचंच, म्हणजे आयएस ४१५१ वालं. या वस्तूंना पैसे उरत नसतील तर गाडी एक पायरी खालची घ्या. सरळ हिशोब आहे.

मग घ्यायची कुठली?

गाडी अजून नीट येत नसेल तर आधी घरातल्या साध्या गाडीवर एक पावसाळा काढा. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते, पण तीस दिवसांत टेस्ट पास होणं आणि घाट चालवता येणं यात फरक आहे. रोजचा प्रवास, डबलसीट आणि कमी खर्च हवा तर जिक्सर एसएफसारखी थोडी उंच हँडलची गाडी. स्पोर्ट बाइकची खरी तालीम हवी आणि मनगट साथ देत असेल तर आर१५. आरएस २०० किंवा त्याच्या पुढचं काही हवं असेल तर गाठीशी वर्षभराचं चालवणं असू द्या. ३९० वाईट नाही, फक्त ती दुसरी गाडी आहे. पहिली विकून ती घेता येते, बाजारात ती कुठे पळून जात नाही.

माझा मावसभाऊ सध्या आर१५ वर आलाय. मावशी अजून स्प्लेंडरवरच आहे. वाटाघाटी चालू आहेत.

पुढच्या भागात सेकंड हँड बाइक कशी तपासायची ते बघू : चेन, चेसिस, कागदपत्रं सगळं. तोपर्यंत हेल्मेटचा पट्टा लावा. आरशाला अडकवलेलं हेल्मेट फक्त आरशाला वाचवतं. भेटूया!