एफटीओ: कुपीतलं मानवी विकर आणि त्याभोवतीच्या समजुती

एफटीओ या विकराच्या (एन्झाइमच्या) बोटभर कुपीवर 'रिकॉम्बिनंट ह्यूमन एफटीओ' असं छापलेलं असतं. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात बायोटेक शिकणाऱ्या पोरांना ते वाचून पहिली शंका येते ती हीच, की हे कुणाच्या अंगातून काढलं?

कुणाच्याच नाही. माणसाच्या १६व्या गुणसूत्रावर एफटीओ नावाचं जनुक आहे. त्यातला प्रथिनाचा मजकूर प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यात बसवतात आणि ते कडं ई. कोलाय जिवाणूत सोडतात. मग जिवाणूच ५०५ अमिनो आम्लांचं ते प्रथिन बनवू लागतो. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिनची शेपटी मुद्दाम जोडलेली असते. जिवाणू फोडून तो रस निकेलच्या कॉलममधून सोडला, की शेपटीवालं प्रथिन अडकतं आणि बाकीचं धुऊन जातं. माणसाचं इन्सुलिन १९८२पासून अशाच वाटेने बाजारात येतंय. खानदेशाला तर याचं नवल वाटायला नको; इथल्या बीटी कपाशीत २००२पासून मातीतल्या जिवाणूचं जनुक आहे. (टिश्यू कल्चरची केळी मात्र यात ओढू नका. रावेर-यावलकडे लावतात त्या ग्रँड नैनच्या रोपांत परकं जनुक नसतं.)

'आरएनए बदलणारं विकर म्हणजे जनुकात ढवळाढवळ', हेही सर्रास ऐकू येतं. आरएनए ही पेशीत जनुकाची कामापुरती काढलेली नक्कल. तिच्यातल्या अॅडेनीन नावाच्या काही अक्षरांवर एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा मिथिल गट चिकटलेला असतो. ही खूण १९७४पासून ठाऊक आहे. मेटल-३ आणि मेटल-१४ ही जोडी ती लावते. एफटीओ ती काढतं, हे शिकागोच्या चुआन ही यांच्या प्रयोगशाळेने २०११मध्ये दाखवलं. खूण गेली तरी अक्षर तेच राहतं. नक्कल किती टिकेल आणि तिच्यावरून किती प्रथिन बनेल, एवढंच बदलतं. मूळ डीएनए जिथल्या तिथे असतो.

सगळ्यात चिवट गैरसमज लठ्ठपणाचा. २००७मध्ये युरोपातल्या अभ्यासांत एफटीओ जनुकातल्या काही फरकांचा वजनाशी संबंध दिसला आणि 'लठ्ठपणाचं जनुक' हे बिरुद कायमचं चिकटलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबीतले संशोधक यांचा अभ्यास २००९मध्ये आला. युरोपात वजनाचा हिशेब बाजूला काढला, की एफटीओ आणि मधुमेहाचं नातं जवळपास उरत नव्हतं. पुण्याच्या लोकांत ते बरंचसं उरलं. पण खरी मेख पुढे आहे. हे फरक जनुकाच्या ज्या भागात आहेत, त्यावरून प्रथिन बनतच नाही. जाड्या आणि बारीक माणसातलं एफटीओ विकर त्यामुळे वेगळं ठरत नाही. ते फरक शेजारच्या आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ या जनुकांना हलवतात, असं २०१५मध्ये पुढे आलं. एफटीओची जीन टेस्ट करून डाएट प्लॅन गळ्यात मारणाऱ्यांना ते फरक नेमकं कोणतं जनुक हलवतात, एवढं एकच विचारून पाहावं.

मग कुपी कशासाठी? बहाव्याचं उदाहरण घ्या. सातपुड्याच्या पायथ्याला उन्हाळ्यात पिवळा धमक फुलणारा हाच तो बहावा. त्याच्या शेंगेच्या गरात ऱ्हाइन नावाचं द्रव्य असतं. ऱ्हाइन एफटीओला अडवतं, हे २०१२मध्ये अशाच शुद्ध विकरावर तपासून कळलं. काही रक्ताच्या कर्करोगांत एफटीओचं प्रमाण वाढलेलं असतं, म्हणून अशा अडथळ्यांचा शोध चालू आहे. यावरून शेंगा उकळून प्यायला लागाल, तर जुलाब तेवढे होतील. ऱ्हाइन एफटीओसोबत त्याच्या भाऊबंदांनाही अडवतं, आणि परीक्षानळीतली मात्रा रक्तात टिकेल याची हमी नाही.

शेतकऱ्यांच्या कानावर आणखी एक बातमी येते: माणसाच्या जनुकाने दीडपट पीक. ही अफवा नाही. २०२१मध्ये चुआन ही आणि पेकिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी एफटीओ जनुक भात आणि बटाट्यात घातलं, तेव्हा शेतातल्या चाचण्यांत उत्पादन सुमारे ५० टक्के वाढलं. पण आपल्याकडे शेतकऱ्याच्या रानात कायदेशीर पिकणारं जीएम पीक म्हणजे बीटी कापूस, बाकी काही नाही. एफटीओचं बियाणं म्हणून कुणी पुडी दाखवली, तर ती चोरबीटीच्याच, म्हणजे बेकायदा बियाण्याच्याच, पंगतीतली समजा.

शेवटचा गैरसमज प्रयोगशाळेतलाच: प्रयोग फसला, म्हणजे विकर खराब आलं. कुपी उणे ८० अंशांवर ठेवतात, बर्फावरच हाताळतात. जळगावच्या मे महिन्यात तिला टेबलावर विसरलात तर गोष्ट वेगळी. एरवी दोष बहुधा लोहाचा असतो. एफटीओला फेरस लोह, अल्फा-कीटोग्लुटारेट आणि जोडीला क जीवनसत्त्व लागतं. कालचं फेरसचं द्रावण पिवळसर झालं असेल, तर लोह फेरिक झालंय. द्रावण ताजंच बनवा. नाहीतर हातमोजे न घातलेल्या बोटांवरच्या आरएनेझने आरएनएच खाल्लेला असतो. म्हणून एका नळीत ईडीटीए घालून लोह बांधून ठेवावं आणि दुसरी तशीच चालवावी. आरएनए शाबूत, लोह ताजं आणि तरीही दोन्ही नळ्यांत खुणा सारख्याच उरल्या, तर मग खुशाल कुपीवर संशय घ्या.