घरच्या शाळूचा एक तुकडा राखा

बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या रानात पूर्वी जोंधळा न पिकवणारे शेतकऱ्याचे घर सहसा सापडत नसे. आज दहा एकर बागायत असलेल्या घरातही शाळू बाजारातून पिशवीने येतो. हा बदल आपल्याच भागातला नाही. 1970 च्या सुमारास भारतात ज्वारीखाली सुमारे 1 कोटी 70 लाख हेक्टर जमीन होती. आता ती 40 लाखांच्या आसपास उरली आहे.

शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याचा हिशेब समजून घ्यावा. उसाचा किमान दर सरकार ठरवते आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने 14 दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र जवळ नसेल तर व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. शिवाय पाखरांची राखण, काढणी व मळणी यांना माणसे मिळत नाहीत. रेशनवर तांदूळ मिळू लागल्यापासून घरच्या धान्याची निकडही कमी झाली.

मग नुकसान कोठे आहे? उसाचे बिल येते तेव्हा आधी सोसायटीचे कर्ज वळते होते. कणगीतला जोंधळा मात्र कोणी वळता करून घेत नाही. तो घरच्या बाईच्या हाती असतो, आणि बिल लांबले तरी चूल पेटते.

दुसरे पाण्याचे. उसाला 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागते, ज्वारीला 450 ते 650. पाटाच्या पाण्याच्या अतिवापराने आणि निचरा नसल्याने शिरोळ, मिरज, वाळवा या कृष्णाकाठच्या भागांत चांगली जमीन क्षारपड झाली आहे.

तिसरे आरोग्याचे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू व 4 मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात तंतू सुमारे 3 ग्रॅम आणि लोह 1 मिलिग्रॅमहूनही कमी. मधुमेह असलेल्यांनी भाताऐवजी भाकरी मापात खावी, मात्र औषध बंद करू नये. जनावरांचेही तसेच आहे. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर त्यांना कॅल्शियम कमी पडते. कडब्याची जोड हवी.

ऊस मोडून टाका, असे सांगण्याचा हेतू नाही. पाच माणसांच्या घराला रोज दीड किलो ज्वारी धरली तर वर्षाला साडेपाच क्विंटल लागते. एक-दोन पाणी देता आले तर चांगल्या रानात एकरभर शाळू एवढे सहज देतो. सोयाबीन निघालेल्या रानात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी उरकावी. एकरी चार किलो बी पुरते. पाणी एकदाच देता येणार असेल तर ते पीक पोटरीत असताना द्यावे. कोवळी किंवा पाण्याअभावी सुकलेली ज्वारी जनावरांना चारू नये, विषबाधा होते. शेजाऱ्यांनी एकाच शिवारात लागून पेरले तर पाखरांचा त्रास वाटला जातो आणि राखणही पाळीने करता येते.

नवी लागण करण्यापूर्वी घरात बसून एवढाच हिशेब करा: कारखान्यासाठी किती एकर, आणि घरच्या भाकरीसाठी किती?