घरचा आहेर! पोप, पाळक आणि पाचशे वर्षांची उणीदुणी

‘तुमचे पोप पाहा!’ ‘तुमचे सुधारक तरी कुठे धुतल्या तांदळासारखे?’ कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातली ही खडाजंगी पाचशे वर्षं जुनी आहे. पण यातले खणखणीत बोल किती तरी वेळा घरच्याच माणसांनी सुनावले आहेत. वाचा!

प्रेत आरोपीच्या आसनावर
साल 897. पोप सहावा स्टीफन याने आपल्या आधी होऊन गेलेल्या फॉर्मोसस या पोपचं प्रेत उकरून काढलं, त्यावर पोपची वस्त्रं चढवली आणि खटला भरला. निकाल: दोषी! आशीर्वादाची बोटं छाटली, देह टायबर नदीत फेकला. त्याच वर्षी खुद्द स्टीफनचा तुरुंगात गळा आवळला गेला. पुढच्या, म्हणजे दहाव्या शतकाला ‘अंधारं शतक’ कुणी म्हटलं? रोमचेच कार्डिनल बॅरोनियस यांनी. तेही ल्यूथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट, इतिहासकारांना उत्तर म्हणून लिहिलेल्या बारा खंडी ग्रंथात!

संताची तक्रार
1049 च्या सुमारास पीटर डेमियन या संन्याशाने थेट पोप नववा लिओ यांच्यासाठी ग्रंथ लिहिला. विषय: धर्मगुरूंचे लैंगिक गैरप्रकार. डेमियन आज चर्चचे संत आहेत.

पोप नरकात
कवी दान्ते पक्का कॅथलिक. तरी त्याने आपल्या महाकाव्यात पोप तिसरा निकोलस याला नरकातल्या दगडी खड्ड्यात उलटा रोवला. डोकं खाली, पेटलेली पावलं वर. गुन्हा: धर्मपदांचा बाजार. हे प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या तब्बल दोनशे वर्षं आधी!

पोपची कबुली
ल्यूथरने 1517 मध्ये पापक्षमापत्रांच्या विक्रीवर तोफ डागली. जानेवारी 1523 मध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या राजसभेत पोप सहावा एड्रियन यांचा संदेश वाचला गेला. रोमच्या दरबारात वर्षानुवर्षं घोर प्रकार घडले, रोग डोक्यापासून खाली पसरला, असं खुद्द पोप सांगत होते. त्याच वर्षी ते वारले. कबुली मात्र इतिहासात कायम राहिली.

दोन बायका, एक सल्ला
जर्मनीतल्या हेसचा शासक फिलिप हा धर्मसुधारणेचा मोठा आधारस्तंभ. पहिली पत्नी हयात असताना त्याला दुसरं लग्न करायचं होतं. ल्यूथर आणि त्याचा सहकारी मेलांख्थॉन यांनी संमती दिली. अट एकच, गुप्तता. 1540 मध्ये लग्न झालं, बातमी फुटली, तेव्हा ल्यूथरने साफ नाकारण्याचा सल्ला दिला. द्विपत्नीत्व हा पवित्र रोमन साम्राज्यात देहान्त शिक्षेचा गुन्हा होता. फिलिपला सम्राटापुढे नमावं लागलं आणि कॅथलिकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

जिनीव्हाची चिता
27 ऑक्टोबर 1553. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या जिनीव्हात मायकेल सर्व्हेटस याला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं. पुढच्याच वर्षी याविरुद्ध पुस्तक आलं ते कास्टेलियो या प्रॉटेस्टंट विद्वानाचं. 1903 मध्ये कॅल्विनच्याच अनुयायांनी तिथे प्रायश्चित्ताचा दगड उभारला.

स्त्री पोपची दंतकथा
‘पोप जोन’ नावाची बाई वेषांतर करून पोप झाली, ही गोष्ट प्रॉटेस्टंटांचं लाडकं हत्यार होतं. 1647 मध्ये डेव्हिड ब्लाँदेल यांनी ती खोटी असल्याचं दाखवून दिलं. ब्लाँदेल कोण? कॅल्विनपंथी पाळक! स्वतःच्या पक्षाचं हत्यार मोडायला छाती लागते.

गोव्याची कैद
गोव्यातल्या इन्क्विझिशनची, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाची, कथा युरोपभर पोहोचवली ती शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याने. त्याला दमणमध्ये पकडून गोव्याच्या कोठडीत डांबलं होतं. 1687 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि प्रॉटेस्टंट देशांत गाजलं. देलाँ स्वतः मात्र कॅथलिक होता.

चक्क एकमत!
पापी धर्मगुरूने दिलेला बाप्तिस्मा वैध का? चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या डोनॅटस-पंथीयांशी यावरच भांडण पेटलं. संत ऑगस्टीनने उत्तर दिलं: कृपा देवाची, माणसाची नव्हे. 1530 चा ल्यूथरपंथी आउग्सबुर्ग कबुलीनामा, 1547 ची कॅथलिक ट्रेंट परिषद आणि अँग्लिकनांच्या श्रद्धाकलमांतलं 26 वं कलम, तिघांनीही हेच उचलून धरलं. अँग्लिकन कलम पुढे हेही बजावतं: दुराचाऱ्याची चौकशी करा, दोषी ठरला तर पदावरून काढा.

आणि आज?
2002 मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ने कॅथलिक धर्मगुरूंनी केलेल्या बालशोषणावरचा पडदा फाडला; वर्षअखेरीस कार्डिनल लॉ यांनी राजीनामा दिला. 2019 मध्ये टेक्ससच्या दोन वृत्तपत्रांनी सदर्न बॅप्टिस्ट चर्चमधले वीस वर्षांतले 700 हून अधिक पीडित समोर आणले. प्रकरणं दाबण्यात दोन्ही घरं सारखीच निघाली.

म्हणून मान डेमियन, कास्टेलियो आणि ब्लाँदेल यांना. त्यांनी आपल्याच अंगणातला कचरा दाखवला. समोरच्या पंथाची पापं मोजून आपल्या चर्चमधलं एकही मूल सुरक्षित होत नाही. ते होतं तक्रार ऐकल्याने, पोलिसांना कळवल्याने आणि दोषी कितीही थोर असला तरी त्याला खुर्चीवरून उतरवल्याने.