माड कोकणातले, खाचरं बालीतली

एका पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवी फिल्मचा शेवटचा ट्रायल चालला होता. निवेदकाचा खर्जातला आवाज, ‘कोकणातल्या कष्टकरी शेतकऱ्याच्या पाठीशी...’ आणि पडद्यावर माझी लाडकी क्लिप. माड, धुकं, पायऱ्यापायऱ्यांची हिरवीगार भातशेती, वाकून लावणी करणारा माणूस. चेअरमनसाहेबांनी चष्मा वर केला. ‘‘थांबवा जरा. ह्याच्या डोक्यावर इरलं कुठाय? ही शंकूसारखी टोपी कसली? कुठल्या गावचा हा?’’ मी क्लिपची माहिती उघडली. गाव बाली, इंडोनेशिया. साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘मग ह्याला कर्ज आपण दिलेलं नाही.’’

स्टॉक फुटेज हा सगळा असाच मामला आहे. कुणीतरी, कुठेतरी आधीच टिपून ठेवलेलं चित्रण. पैसे भरा, उतरवून घ्या, आपल्या फिल्ममध्ये चिकटवा. बहुतेक दुकानांत क्लिपची लांबी ५ ते ६० सेकंद. देखणी क्लिप दोन मिनिटांत सापडते. आपली क्लिप शोधायला दुपार जाते, चहाचे चार कप जातात, आणि तरी चेअरमन असतातच.

टॅक्सी चुगली करते

चुकीच्या गावाचं फुटेज वापरून तोंडघशी पडलेला मी एकटा नाही, हे कळल्यावर फार बरं वाटलं. २०१६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मार्को रुबियो यांच्या जाहिरातीत ‘अमेरिकेत पुन्हा सकाळ झाली आहे’ असं सांगताना बंदरावरची एक सुंदर पहाट दिसली. ती पहाट व्हँकुव्हरची होती, म्हणजे कॅनडाची. त्याच निवडणुकीत ट्रम्प यांच्या जाहिरातीत मेक्सिकोच्या सीमेवरून घुसणारे लोक म्हणून जे दाखवले, ते आफ्रिकेच्या टोकाला, मोरोक्कोला लागून असलेल्या मेलिया या स्पॅनिश शहराजवळचे निघाले.

आपल्याकडेही सप्टेंबर २०२१मध्ये उत्तर प्रदेशच्या विकासाच्या जाहिरातीत एक झकास उड्डाणपूल झळकला. पुलावर पिवळी अ‍ॅम्बॅसिडर टॅक्सी होती. पिवळी अ‍ॅम्बॅसिडर म्हटल्यावर कोलकाता, हे शेंबडं पोरही सांगेल. जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्राच्या मार्केटिंग विभागाने चूक आपली असल्याचं सांगून माफी मागितली. तो फोटो होता, व्हिडिओ नव्हता. पण धडा तोच.

म्हणून क्लिप घेण्याआधी मी चित्राच्या मधोमध बघतच नाही, कडेला बघतो. गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालल्यात? नंबरप्लेट काय म्हणते? भिंतीवरच्या प्लगला गोल भोकं आहेत की चपटी? स्वयंपाकघरात ओट्यावर गॅसची शेगडी आहे की चार चुलींचा ओव्हन? ‘भारतीय गृहिणी’ म्हणून विकली जाणारी बाई कित्येकदा अशा स्वयंपाकघरात उभी असते, की तिथे फोडणीचा डबा सापडायला पोलीस बोलवावे लागतील.

लग्नाचं तर विचारूच नका. ‘इंडियन वेडिंग’ टाकलं की घोडी, शेरवानी, लाल लेहंगा आणि ढोलाचा दणका. मुंडावळ्या, अंतरपाट, हिरवा चुडा हवा असेल तर इंग्रजीत ‘महाराष्ट्रियन’ किंवा ‘मराठी’ टाकावं लागतं. त्यातही एकदा मला अंतरपाट धरलेली एक सुरेख क्लिप मिळाली. प्रकाश उत्तम, फोकस उत्तम. फक्त नवरानवरी अंतरपाटाच्या एकाच बाजूला उभे होते. फोटोग्राफरला दोघांचे चेहरे एका चौकटीत हवे असणार, दुसरं काय!

दिवसा फुकट, रात्री परवानगी

पॅरिसच्या आयफेल टॉवरचं दिवसाचं चित्रण जाहिरातीत बिनधास्त वापरा. गुस्ताव्ह आयफेल १९२३ साली वारले, त्यांच्या रचनेवरचा कॉपीराइट कधीच संपला. पण सूर्य मावळला की गणित बदलतं. टॉवरवरची सोनेरी रोषणाई पिएर बिदो यांनी १९८५मध्ये केली आणि ती स्वतंत्र कलाकृती मानली जाते. व्यावसायिक वापराला परवानगी लागते. तुमच्या मावसबहिणीच्या हनिमूनच्या सेल्फीला लागत नाही, काळजी नसावी.

आपल्या मुंबईतही असा एक मानकरी आहे. अपोलो बंदरावरच्या ‘ताजमहाल पॅलेस’ हॉटेलच्या इमारतीच्या रूपाला २०१७मध्ये ट्रेडमार्क मिळाला. असा मान मिळवणारी ती देशातली पहिली इमारत. तेव्हा गेटवेवरची कबुतरं उडवणारा तो नेहमीचा शॉट साबणाच्या जाहिरातीला घेताना मागे लाल घुमट दिसतोय का, ते बघा. दिसत असेल तर वकिलाला एक फोन करा.

आणखी एक कायदा माझ्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतो. १९५०चा, बोधचिन्हं आणि नावांच्या अनुचित वापराबद्दलचा. व्यापारी कारणासाठी राष्ट्रध्वज, महात्मा गांधी किंवा छत्रपती शिवाजी महाराज यांचं चित्र परवानगीशिवाय वापरता येत नाही. गंमत म्हणजे थोर व्यक्तींच्या चित्रांच्या बाबतीत सूट दिली आहे ती कॅलेंडरला! त्यावर छापणाऱ्याचं आणि बनवणाऱ्याचं नाव एवढंच असलं पाहिजे आणि मालाची जाहिरात नको.

फ्री म्हणजे फुकट नव्हे

‘रॉयल्टी फ्री’ हे शब्द वाचून आमच्या एका क्लायंटने आनंदाने चाळीस क्लिपा उतरवून पाठवल्या, सगळ्यांवर आडवा वॉटरमार्क. रॉयल्टी फ्री म्हणजे एकदा पैसे मोजा, मग दरवेळी वेगळे मोजू नका, एवढाच अर्थ. खरंखुरं फुकटही असतं. नासाचं बहुतेक चित्रण कॉपीराइटमुक्त आहे. तुमच्या क्लासच्या जाहिरातीत पृथ्वी फिरू द्या. पण नासाचा लोगो किंवा अंतराळवीराचा चेहरा दाखवून ‘नासाही आम्हालाच मानते’ असा आव आणता येत नाही.

क्लिपखाली ‘एडिटोरियल’ लिहिलं असेल तर ती बातमीला, माहितीपटाला चालते; तेल-शांपू विकायला नाही. कारण बहुधा चित्रातल्या माणसांनी सहीचा कागद दिलेला नसतो. गणपती विसर्जनाची गर्दी, वारीतला रिंगणसोहळा, लोकलच्या दारातली माणसं... हजारोंच्या सह्या घेणार कोण? त्यामुळे महाराष्ट्राचं सगळ्यात जिवंत फुटेज बहुतेक वेळा याच कप्प्यात सापडतं.

ट्यूबलाइट का लुकलुकते

आता थोडं तंत्र. कंटाळा येणार नाही, शपथ.

आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. अमेरिकी सवयीने सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवून कुणी नागपूरच्या वर्गात शूटिंग केलं की भिंतीवरून काळे पट्टे सरकायला लागतात. १/५० किंवा १/१०० शटर ठेवलं की पट्टे गायब. असे पट्टे असलेली क्लिप स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. नंतर ते काढताना एडिटरचे केस जातात. माझे गेले.

फ्रेमचाही घोळ आहे. आपल्या टीव्हीचं माप सेकंदाला २५, सिनेमाचं २४, अमेरिकी टीव्हीचं मात्र २९.९७. हा पॉइंट नऊ सात कुठून आला? मूळ आकडा ३० होता. १९५३मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरवताना रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत लुडबुडू नयेत म्हणून वेग हजारात एक भाग एवढा कमी केला. सत्तर वर्षं उलटली, आकडा अजून मानगुटीवर. अशी क्लिप २५च्या टाइमलाइनवर टाकली की साधारण सहातली एक फ्रेम गळते, आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरत असेल तर चित्र एसटीसारखं गचके खातं. १२० फ्रेमची क्लिप मात्र खुशाल घ्या. २५वर पसरली की पाच सेकंदांची चोवीस सेकंद होतात, नारळ फुटून पाणी उडतानाचा थेंब न् थेंब दिसतो.

‘४के आहे ना?’ हा प्रत्येक क्लायंटचा पहिला प्रश्न. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके, फुल एचडीच्या चौपट. मोबाइलवर बघायच्या फिल्मला एवढे कशाला? कापायला! आडव्या ४के चित्रातून रीलसाठी उभा तुकडा कापला तर १२१५ ठिपके रुंदी उरते, म्हणजे पुरून उरते. फुल एचडीतून कापलात तर जेमतेम ६०७. आजी ओळखू येईल, पण तिची नथ विरघळलेली.

पण ४केच्या पाटीवर भुलू नका. लहान चित्र फुगवून ४के म्हणून विकणारेही असतात. चित्र पूर्ण आकारात उघडा आणि तीन गोष्टी बघा: झाडाची पानं, माणसाचे केस, पावसाचं पाणी. चोरी इथे पकडली जाते. मग आभाळ बघा. ८ बिटच्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, १० बिटमध्ये १०२४. रंकाळ्यावरच्या संध्याकाळी केशरी हळूहळू जांभळ्यात मिसळायला हवं; ८ बिटची दाबून छोटी केलेली क्लिप असेल तर तिथे बांगडीसारखी वर्तुळं दिसतात. कलर करायला घेतलं की ती आणखी ठळक.

अलीकडे एआयने बनवलेल्या क्लिपा याच दुकानांत मिसळल्यात. बोटं मोजण्याची युक्ती आता जुनी झाली. मी मागच्या दुकानांच्या पाट्या वाचतो. शिरोरेषा असते, खाली लटकणारी वळणं असतात, अक्षर मात्र एकही नसतं. मराठी येण्याचा हा एक नवा फायदा.

कुब्रिकच्या उरल्यासुरल्याची गोष्ट

शिळ्या फुटेजचा माझा सगळ्यात आवडता किस्सा १९८२चा. रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ बघून स्टुडिओला शेवट फारच अंधारा वाटला. काहीतरी आनंदी हवं म्हणाले. नायक-नायिका डोंगरदऱ्यांतून गाडीने निघून जातात असं ठरलं, पण डोंगर आणायचे कुठून? स्टॅन्ली कुब्रिकने ‘द शायनिंग’च्या सुरुवातीसाठी हेलिकॉप्टरमधून भरपूर डोंगर टिपले होते आणि बरेच पडून होते. स्कॉटने मागितले, कुब्रिकने दिले. एका भयपटाची उरलेली रीळ दुसऱ्या सिनेमाचा गोड शेवट झाली! १९९२च्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत तो गोड शेवटच कापला, आणि डोंगरही गेले.

दुसऱ्या टोकाचा किस्सा २०१४चा. डिझॉल्व्ह नावाच्या स्टॉक फुटेज कंपनीने ‘ही एक सर्वसाधारण ब्रँड फिल्म आहे’ अशा अर्थाचा विडंबन लेख घेऊन त्यावर सरळ आपल्याच दुकानातल्या क्लिपा लावल्या. स्वतःच्याच मालाची टिंगल करून जाहिरात. मी ती बघून पोट धरून हसलो, आणि मग माझ्या मागच्या तीन फिल्म आठवून गप्प बसलो.

तर, इरल्याचं काय झालं?

बालीवाला शेतकरी काढला. ‘कोकण भातलावणी’ शोधून जे मिळालं त्यात एक क्लिप केरळची होती आणि दुसरीत ड्रोन इतका उंच, की लावणी आहे की क्रिकेटचं मैदान तेच समजेना. शेवटी आषाढात एका पहाटे मी स्वतःच गेलो. चेअरमनसाहेबांच्या खाचरात चिखल गुडघाभर. इरली घेतलेल्या पाच बायका वाकल्या होत्या, पाऊस तिरपा पडत होता. ४०व्या सेकंदाला त्यातल्या एका काकूंनी मान वर केली, थेट लेन्समध्ये बघितलं आणि ओरडल्या, ‘‘चाय घेतल्यात काय?’’

फिल्मसाठी ती ४० सेकंदंच घेतली, आवाज काढून. पुढची दोन मिनिटं कॅमेरा छत्रीखाली दगडावर ठेवून मी चहा पीत होतो. त्यात फक्त पाऊस आहे आणि माझा एक बूट.