डोंगराची माची आणि दरडीचा धोका

पावसाळ्यात सह्याद्रीच्या परिसरात दरड कोसळल्याची वार्ता येते, तेव्हा ही आपत्ती आकस्मिक होती असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. भूविज्ञानाच्या दृष्टीने हे अर्धसत्य होय. दरड खाली येण्यास काही क्षण पुरतात. तिची सिद्धता मात्र हजारो वर्षे चाललेली असते.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वर आलेल्या लाव्हारसाने घडला आहे. हा रस पुनःपुन्हा बाहेर पडत राहिला आणि थरावर थर साचत गेले. या काळ्या पाषाणाने, म्हणजेच बेसाल्टने, आजही दख्खनचे सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे. सर्व थर सारखे नाहीत. काही घट्ट व कठीण असून उभ्या सांध्यांनी चिरलेले आहेत. काही वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेले व लवकर झिजणारे आहेत. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. घाटरस्त्यासाठी कापलेल्या कड्यांवर तो सहज दिसतो.

कठीण थरांचे कडे झाले आणि मऊ थर झिजून त्यांच्या माच्या झाल्या. या खडकांना ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले, तेही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच. डोंगरावर पडलेले पाणी उभ्या सांध्यांतून खाली मुरते, तांबड्या चिकण पट्ट्यापाशी अडते आणि आडवे वाहून कड्याच्या तळाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कड्यावरून सुटलेली माती व दगडगोटे त्याच माचीवर साचतात. बारमाही झरा, भातखाचरांपुरती माती आणि घरे बांधण्याजोगी थोडी सपाट जागा एकत्र मिळाल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वाड्या तेथे वसल्या. पूर्वजांची ही निवड शहाणपणाची होती, यात शंका नाही. परंतु ज्या कारणांनी माची वस्तीस योग्य ठरली, त्याच कारणांत तिचा धोकाही दडलेला आहे.

खडक जागच्या जागी फुटण्याच्या व कुजण्याच्या क्रियेस विदारण म्हणतात. हवेतील कर्बवायू पावसाच्या पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते. त्याच्या दीर्घ संपर्काने बेसाल्टमधील फेल्स्पारसारख्या खनिजांची चिकणमाती बनते व लोह गंजून मातीस तांबूस रंग येतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जवळच्याच वाईला त्याच्या कितीतरी पट कमी. साहजिकच घाटमाथ्यावर विदारणाचा वेग मोठा. त्यातून निर्माण झालेला माती, मुरूम व दगडांचा जाड थर तीव्र उतारावर कातळाला टेकून उभा असतो. त्याला धरून ठेवणारी शक्ती म्हणजे कणाकणांमधील घर्षण.

पाण्याने हे घर्षण कसे घटते, हे वाळूच्या ढिगावरून कळते. किंचित ओली वाळू मुठीत घट्ट धरते. तीच पाण्याने पूर्ण भरली की पसरते. उतारावरील मातीचेही तसेच आहे. काही दिवसांच्या संततधारेनंतर कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात. थराचे वजन वाढते, आणि आतील पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर सारतो. खालचा कातळ पाणी पुढे जाऊ देत नाही. मग अतिवृष्टीचे काही तास पुरेसे होतात व संपूर्ण थर चिखलाच्या लोंढ्यासारखा घसरतो. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतील ‘विस्तृत झीज’ ती हीच.

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई व दासगाव, ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. एकट्या माळीणमध्ये सुमारे दीडशे माणसे दगावली. या घटना जुलैतल्याच असाव्यात हा योगायोग नव्हे. जूनचा पाऊस जमीन भिजवतो आणि जुलैचा पाऊस आधीच भरलेल्या मातीवर पडतो.

निसर्गाच्या या क्रियेस माणसाचा हातभार लागतो, तो बहुधा उताराच्या पायथ्याशी. घरासाठी, रस्त्यासाठी किंवा खाचरासाठी पायथा कापला की वरच्या मातीचा आधारच जातो. डोंगरावर खोदावयाच्या समतल चरांबाबतही विवेक हवा. अवर्षणप्रवण तालुक्यांत पाणी मुरविणारे हे चर वरदान ठरले आहेत. परंतु अतिवृष्टीच्या पट्ट्यात, जाड माती असलेल्या तीव्र उतारावर आणि तेही वस्तीच्या डोक्यावर पाणी मुरविणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. तेथे पाणी लवकरात लवकर बाजूच्या ओढ्यात काढून देणारे चर हवेत. एकच योजना सर्व तालुक्यांना सरसकट लागू करण्याचा मोह या बाबतीत टाळावयास हवा.

दरडीपूर्वी पुष्कळदा काही लक्षणे दिसतात. वस्तीच्या वरच्या बाजूस जमिनीला चंद्रकोरीसारख्या भेगा पडतात. झाडे व विजेचे खांब कलतात. भिंतींना नव्या चिरा जातात, दारे चौकटीत अडकू लागतात. नेहमी स्वच्छ असणारा झरा गढूळ होतो, एकाएकी आटतो किंवा नवीच जागा फोडून वाहू लागतो. अशी भेग आढळल्यास पाणी आत शिरू नये म्हणून ती पावसाळ्यापूर्वी मातीने बुजवावी व तहसील कार्यालयास लेखी कळवावे. भर पावसात आढळल्यास मात्र वस्ती तत्काळ हलवावी.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दरडप्रवणतेचे नकाशे ५०,०००स एक या प्रमाणावर तयार केले आहेत. त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. कोणता डोंगर संशयास्पद आहे हे त्यावरून कळते. पंधरा-वीस घरांची वाडी मात्र तेथे जेमतेम ठिपक्याएवढी असते. तिच्या माथ्यावरची हातभर रुंदीची भेग कोणत्याही नकाशात येत नाही. ती गुराख्याला दिसते, सरपणास गेलेल्या बाईला दिसते. मे महिन्याच्या अखेरीस ग्रामपंचायत सदस्य, तलाठी व शिक्षक यांनी अशा माहीतगारांना बरोबर घेऊन वस्तीवरील उतार एकदा पायी पाहून यावा. या कामास अर्धा दिवस लागतो.