छातीत यंत्र आहे? शेक घेण्याआधी सांगा

आमच्या वस्तीतल्या एका पोराला फिट येतात. गोळ्यांनी आवरेनात, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली एक चपटं यंत्र बसवलं. त्याची वायर मानेतल्या वेगस नावाच्या नसेला गुंडाळलेली असते. यंत्र दर काही मिनिटांनी नसेला हलका करंट देतं, त्यानं फिट कमी होतात. अमेरिकेत याला १९९७ साली मान्यता मिळाली.

मागच्या पावसाळ्यात पोराची कंबर धरली. आई त्याला शेक द्यायला घेऊन गेली. दुखतंय कंबरेत, तिथं छातीचं कोण विचारतो? मशीन लावणार तेवढ्यात आईच म्हणाली, "भाऊ, ह्याच्या छातीत यंत्र बसवलंय बरं का." म्हणून वाचलं. ते मशीन शॉर्टवेव्ह डायथर्मीचं होतं.

बंधू-भगिनींनो, हे नीट ध्यानात घ्या. डायथर्मीच्या लहरी आतली वायर पकडते आणि तिच्या टोकाशी नस भाजून निघते. शेक गुडघ्याला असो की कंबरेला, यंत्र बंद असो की चालू, डायथर्मी नकोच. मेंदूत असंच यंत्र असलेले रुग्ण डायथर्मीनंतर दगावल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ मध्ये कळवलं होतं. साध्या गरम पाण्याच्या पिशवीला हरकत नाही.

एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी चालते. एमआरआय मात्र यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. यंत्राचा करंट आधी बंद करावा लागतो. कुठलंही ऑपरेशन असलं, अगदी दात काढायचा असला तरी आधी सांगा.

यंत्रासोबत एक लोहचुंबक मिळतं. फिट येतेय असं वाटलं की ते छातीवरून एकदा फिरवायचं, जादा करंट मिळतो. तेच तिथं धरून ठेवलं तर यंत्र थांबतं. म्हणूनच १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या मोठ्या स्पीकरला टेकून उभं राहू नका, त्यातही जबर लोहचुंबक असतं. नाचा, पण चार हात लांब! मोबाईल डाव्या खिशात नको. करंट सुरू असताना आवाज घोगरा होतो, खोकला येतो. त्याला घाबरू नका.

यंत्र बसलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. ही चूक आम्ही घराघरांत पाहतो. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन लावा.

यंत्राचं कार्ड मिळतं, ते बहुतेकांच्या ट्रंकेत पडून असतं. त्याची झेरॉक्स काढा. एक पोराच्या खिशात, एक दप्तरात, एक शेजारच्या मावशीकडे.