हृदयाची दुर्बलता आणि तिचे सोबती आजार

‘हार्ट फेल झाले’ असे आपल्याकडे म्हटले की माणूस गेला, असाच अर्थ घेतला जातो. डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात तेव्हा त्यांना वेगळेच सांगायचे असते. हृदय बंद पडलेले नसते. शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलण्याची, किंवा आलेले रक्त सामावून घेण्याची त्याची शक्ती कमी झालेली असते. या एका शब्दामुळे घरची मंडळी एक तर हाय खातात, नाहीतर ‘चालता-बोलता माणूस आहे, हार्ट कुठे फेल झाले?’ असे म्हणून गोळ्या बंद करतात. म्हणून प्रस्तुत लेखात ‘हृदयाची दुर्बलता’ असा शब्दप्रयोग केला आहे.

दुसरा घोटाळा ‘दम’ या शब्दाचा. फारसीतून मराठीत आणि उर्दूत आलेला ‘दम’ म्हणजे श्वास. ‘दमा’ हा त्याच घराण्यातला. जिना चढताना दम लागतो, रात्री आडवे झाले की धाप लागून उठून बसावे लागते, म्हणजे दमाच असणार, असे समजून कित्येक रुग्ण पंप ओढत राहतात. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून फिरूनच डाव्या बाजूस येते, हे इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले आहे. हा मार्ग ध्यानात घेतला की धापेचे कारण उलगडते. डावी बाजू दुबळी झाली की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. उजवी दुबळी झाली की पाणी पायांत आणि पोटात उतरते. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले तर खळगा राहतो.

हा आजार सहसा एकटा येत नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १८ रुग्णालयांत २०१३ साली दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय अवघे ६१ होते आणि निम्म्याहून अधिकांना मधुमेह, निम्म्याहून अधिकांना उच्च रक्तदाब होता. यांत मूत्रपिंडाचा विकार आणि रक्तातील लोहाची कमतरता मिळवली म्हणजे बहुतेक घरांतले चित्र पुरे होते.

या सोबत्यांत सर्वांत गुंतागुंतीचे नाते हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे. हृदयाकडून रक्त कमी आले की मूत्रपिंडाचा समज होतो की शरीरातच पाणी कमी पडले आहे. ते मीठ आणि पाणी धरून ठेवते. वास्तविक पाणी आधीच जास्त झालेले असते. त्यात ही भर पडली की दुबळ्या हृदयावरचा भार आणखी वाढतो, आणि पुढे मूत्रपिंडाकडे येणारे रक्त आणखी घटते. मीठ कमी करण्याचा सल्ला आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हे चक्र तोडण्यासाठीच असतात.

अडचण अशी की साखरेचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, गुडघ्यांचा तिसराच, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते; चार दिवसांत पाय सुजतात. मधुमेहासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी पायोग्लिटाझोनसुद्धा शरीरात पाणी साठवते आणि हृदयाच्या दुर्बलतेत ती वर्ज्य आहे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असून मूत्रपिंड अधू असेल, तर त्या मिठाने रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पथ्य म्हणून घेतलेली वस्तूच इथे घात करते. लोहाची कमतरता असेल तर पोटातून घेतलेल्या गोळ्या अशा रुग्णांत फारशा लागू पडत नाहीत. लोह शिरेतून द्यावे लागते.

एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे सुखाची घडली. मधुमेहासाठी निघालेली डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही उपयोगी पडते, हे २०१९ साली सिद्ध झाले. मूत्रपिंडालाही तिचा आधार मिळतो. २०२० नंतर तिच्या स्वस्त भारतीय गोळ्या निघाल्या. एकच गोळी तिन्ही आजारांना चालावी, असे फार थोड्या औषधांच्या बाबतीत घडते.

घरी करायचे काम साधे आहे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, रोज वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. धाप लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. मीठ दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. हा हिशेब लोणचे, पापड, सुकी मासळी, शेव आणि खारी बिस्किटे धरून करायचा असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आता रोज्याचा प्रश्न. आपल्या घरांत हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच जात नाही. रुग्ण आपल्या मनाने गोळ्या सहरीला आणि इफ्तारला वाटून टाकतो. लघवीची गोळी सहरीला घेतली तर दिवसभर पाणी जाते आणि भरून काढता येत नाही. चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. डापाग्लिफ्लोझिनही लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकते, म्हणून तिचाही विचार आधी व्हावा लागतो. उलट इफ्तारला भजी, समोसे आणि हलीम यांतून दिवसभराचे मीठ एका बैठकीत पोटात जाते. आजार स्थिर असलेल्या काहींना गोळ्यांच्या वेळा बदलून रोजे ठेवता येतात. नुकतेच रुग्णालयातून आलेल्यांनी, बसल्या जागी धाप लागणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंड फार अधू असलेल्यांनी ठेवू नयेत. मधुमेह आणि रमजान यांवरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका ही तपासणी सहा ते आठ आठवडे आधी करायला सांगतात, म्हणजे रजब महिन्यातच डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी.

आजारी माणसाला दिलेली सवलत सूरह अल-बकरामध्ये (आयत १८४-१८५) स्पष्ट आहे: बरे झाल्यावर तेवढे रोजे भरून काढावेत. बरे होण्याची आशा नसेल तर दर रोज्यामागे एका गरजूला जेवण, म्हणजे फिदिया, असे उलेमा सांगतात. त्यासाठी आलिमांकडे जाताना डॉक्टरांचे मत आधी लेखी घेऊन जावे, कारण आलिमही पहिला प्रश्न तोच विचारतात.